डच चित्रांसारखी झळाळी हवी तर ग्लेझच्या आधीचं काम बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे: सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) स्थिरचित्रांसारखी खोली यावी म्हणून वाळलेल्या तैलचित्रावर चार-पाच ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचे पातळ थर, दिले, पण रंग उजळण्याऐवजी मळकट झाला. मग त्या चित्रकारांचं खास माध्यम, म्हणजे रंगात कालवायचं तेल किंवा मिश्रण, कोणतं होतं? आणि त्यांच्या पुष्पचित्रांत पानं निळसर दिसतात, ती तशीच रंगवायची का?

आधी माध्यमाचा विषय संपवू, कारण त्यामागे लागून फार लोकांची वर्षं वाया जातात. गुप्त माध्यम नव्हतं. त्या काळच्या चित्रांचे सूक्ष्म नमुने तपासले की बहुतेक ठिकाणी साधं जवसाचं तेल सापडतं. पांढऱ्या आणि निळ्या रंगांत कधी अक्रोडाचं किंवा खसखशीचं तेल असतं, कारण ते कमी पिवळं पडतं. कुठे तापवून दाट केलेलं तेल असतं, एखाद्या ग्लेझमध्ये थोडी राळ असते. लंडनमध्ये राहणाऱ्या तेओदोर द मायेर्न या डॉक्टरने चित्रकारांकडून ऐकलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. त्यातला फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचा सल्ला एवढाच की रंग सहज पसरावेत म्हणून काम करताना ब्रश अधूनमधून स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये हलकेच बुडवावा. यात कसलीही जादू नाही.

झळाळी येते ती थरांच्या क्रमातून, आणि त्यातही खालच्या थरातून. ग्लेझ म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ पापुद्रा. प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. खालचा थर करडा किंवा मध्यम छटेचा असेल, तर प्रकाश तिथेच जिरतो आणि परत काहीच येत नाही. शिवाय प्रत्येक ग्लेझ चित्र थोडं गडदच करतो, उजळ कधीच करत नाही. म्हणजे ‘पूर्ण’ झालेल्या चित्रावर चार ग्लेझ दिले की चित्र चार पायऱ्या खाली उतरतं. तुमचा चिखल तिथून आला आहे. ज्या भागावर ग्लेझ द्यायचा आहे तो भाग आधी हवा त्यापेक्षा फिकट आणि जरा भडक रंगवायचा, अगदी कच्चा वाटेल इतका. लाल मखमलीवर शेवटी किरमिजी ग्लेझ येणार असेल, तर खाली उजेडाच्या जागी हिंगूळ आणि पांढरा मिसळलेला गुलाबी-नारिंगी रंग हवा. त्यावर एक ग्लेझ पुरतो, फार तर दोन.

आता हे पायापासून पाहू.

फ्लेमिश चित्रकार लाकडी फळीवर भरपूर काम करत. फळी ओकची, आणि तो ओक बराचसा बाल्टिक प्रदेशातून जहाजाने यायचा. अँटवर्पमध्ये फळ्या बनवणारे कारागीर संत ल्यूकच्या, म्हणजे चित्रकारांच्या, संघात होते आणि १६१७ च्या नियमांनुसार तपासलेल्या फळीच्या पाठीवर शहराचं चिन्ह, किल्ला आणि दोन हात, तापलेल्या लोखंडाने उमटवलं जाई. झाडाचा बाहेरचा कोवळा भाग फळीत चालत नसे, कारण त्याला कीड लागते. फळीवर सरस आणि खडूचं अस्तर, ते घासून गुळगुळीत केलेलं, आणि त्यावर तेलातला एक पातळ रंगीत हात. रुबेन्सच्या तैलरेखाटनांत हा हात स्पष्ट दिसतो. पांढऱ्या अस्तरावर रुंद ब्रशने ओढलेले करड्या-तपकिरी रंगाचे पट्टे तो मुद्दाम एकसारखे करत नसे. त्या पट्ट्यांमधून पांढरं अस्तर डोकावत राहतं, म्हणून त्याच्या सावल्या जिवंत राहतात.

कॅनव्हासवर मात्र बहुधा दुहेरी अस्तर असे: खाली स्वस्त लाल-तपकिरी माती, जी कापडाची भोकं बुजवते, आणि वर लेड व्हाइट (शिशाचा पांढरा रंग), कोळसा आणि अंबर (गडद तपकिरी मातीचा रंग) मिसळलेला करडा हात. रेम्ब्रांटने ‘नाइट वॉच’साठी (१६४२) क्वार्ट्झची भुकटी असलेली माती तेलात कालवून वापरली. एवढ्या मोठ्या कापडाला ती स्वस्तही पडली असेल आणि लवचीकही.

तुमच्यासाठी: सरावाला ३० × ४० सेंमीचा चांगला प्लाय घ्या. सरस १ लिटर पाण्याला साधारण ७० ग्रॅम, रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरसाची पकड जाते. एक हात नुसत्या सरसाचा, दोन्ही बाजूंना, नाहीतर प्लाय वाकतो. मग उरलेल्या कोमट सरसात खडूची भुकटी चाळणीने सोडा, आकारमानाने सरसाच्या एका भागाला खडू दीड भाग, आणि ढवळण्याची घाई करू नका. भुकटी आपोआप खाली बसू द्या. जोरात ढवळलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर अस्तरभर टाचणीएवढी भोकं पडतात. सहा-आठ पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. वरच्या हातांत सरस जास्त झाला तर अस्तराला जाळीदार भेगा जातात. कमी झाला तर बोटाला पांढरी पूड लागते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मात्र हे करूच नका. सरस वाळण्याआधी त्यावर बुरशी येते. त्या चार महिन्यांत ॲक्रिलिक जेसो (बाजारात मिळणारं तयार अस्तर) वापरा, तो शोषून कमी घेतो पण विश्वासू आहे.

अस्तरावर आधी सरसाच्याच पाण्याचा एक अगदी पातळ हात द्या आणि तो वाळला की अंबर, थोडा काळा आणि थोडा पांढरा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक करडा-तपकिरी हात. हा सरसाचा हात विसरलात तर कोरडं अस्तर वरच्या रंगातलं तेल पिऊन टाकतं आणि रंग ठिकठिकाणी निस्तेज पडतो. मग लोक ती निस्तेजता घालवायला तेल चोपडत बसतात, आणि सुरकुत्यांचा नवाच प्रश्न उभा राहतो.

यानंतरचा टप्पा म्हणजे पहिली बिनरंगी मांडणी. डच चित्रकार तिला ‘मृत रंग’ म्हणत. यात अंबर, काळा, पांढरा, फार तर थोडी पिवळी माती. उजेड आणि सावली कुठे आहे, कोणता आकार पुढे, कोणता मागे, हे सगळं इथे ठरतं. नियम एकच, आणि तो त्या काळच्या चित्रांत सतत दिसतो: सावल्या पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड आणि अपारदर्शक. सावलीत पांढरा मिसळला की ती सावली खडूसारखी होते आणि वर कितीही ग्लेझ द्या, ती मागे सरकत नाही. सावलीच्या जागी तपकिरी रंग फक्त घासून ठेवा, खालचं अस्तर थोडं दिसू द्या.

या टप्प्यावर एक गोष्ट फुकटात मिळते, ती मिळवायला शिका. गडद थरावर फिकट रंग अगदी पातळ ओढला की तो निळसर-थंड दिसतो, चुलीचा पांढरा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो तसाच, आणि कारणही तेच: बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. रुबेन्सच्या मानवी अंगावर उजेड आणि सावली यांच्यामधला जो मोत्यासारखा करडा पट्टा आहे, तिथे निळा रंग असेलच असं नाही. तपकिरी मांडणीवर त्वचेचा फिकट रंग पातळ होत होत संपतो, तिथे तो करडा आपोआप तयार होतो. बाजूला गरम उजेड, दुसरीकडे गरम सावली, मध्ये हा थंड पट्टा. त्वचा खरी वाटते ती यामुळे. हाच पट्टा पॅलेटवर निळा-पांढरा मिसळून लावला की माणूस आजारी दिसतो.

आता अंतिम रंगकाम, आणि उदाहरणाला सोललेलं लिंबू घेऊ. पीटर क्लास आणि विलेम हेडा या हार्लेमच्या चित्रकारांपासून यान डाविड्झ द हेमपर्यंत हे लिंबू सारखं भेटतं, आणि त्यात पूर्ण पद्धत एकवटलेली आहे.

सालीचा उजेडाचा भाग फिकट, किंचित थंड पिवळ्याने जाड भरा. त्या काळी हा रंग शिसं आणि कथिल एकत्र भाजून करत. व्हर्मीरच्या ‘मिल्कमेड’ची चोळीही त्याच पिवळ्याची. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हा रंग वापरातून गेला आणि १९४१ मध्ये म्युनिकच्या रिचर्ड याकोबीने जुन्या चित्रांतून तो पुन्हा ओळखला. आज कॅडमियम लेमन किंवा बिस्मथ यलोमध्ये थोडा पांढरा मिसळा. मधल्या छटेला पिवळी माती. सावलीला अंबर, पिवळी माती आणि लाल मातीचा किंचित अंश. काळा नको: पिवळ्यात काळा गेला की शेवाळी हिरवा होतो. सीमा ओल्यातच एकमेकांत ओढा.

सालीवरचे खड्डे-फुगे सगळीकडे सारखे काढणं ही नेहमीची चूक आहे. पूर्ण उजेडात ते जवळपास दिसत नाहीत, गडद सावलीतही नाहीत. उजेड तिरका पडतो त्या वळणावर, म्हणजे उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात, ते सगळ्यात ठळक असतात. खालचा रंग चिकट झाला की बारीक गोल ब्रशने तिथे जाड फिकट ठिपके ठेवा आणि प्रत्येकाच्या सावलीच्या बाजूला पुसट तपकिरी कोर द्या. सालीच्या आतली पांढरी बाजू शुद्ध पांढरी करू नका. ती पिवळट करडी आहे, शुद्ध पांढरा शेवटच्या चकाकीसाठी राखून ठेवा.

आता गर. इथे ग्लेझ लागतो. आधी गराचा सगळा भाग फिकट, पिवळसर पांढऱ्याने रंगवा, तो सपाट आणि कच्चा दिसेल, दिसू द्या. पूर्ण वाळला की त्यावर पारदर्शक पिवळा, किंचित तपकिरीकडे झुकणारा, अगदी थोडा घासा आणि कोरड्या मऊ ब्रशने किंवा कापडाच्या बोळ्याने निम्म्याहून अधिक काढून टाका. फोडींच्या पडद्यांच्या रेषा कापडाच्या टोकाने पुसून उघड्या करा, वरून पांढऱ्याने काढू नका. पुसलेली रेष आतून उजळते, वरून काढलेली रेष साखरेच्या दोऱ्यासारखी वर बसते. शेवटी ओलाव्याचे दोन-तीन जाड पांढरे ठिपके, आणि ब्रश खाली ठेवा. १६९२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये विलेम बेउर्सने छापलेल्या हस्तपुस्तिकेत फळं-फुलं अशीच, वस्तूगणिक थर सांगून रंगवायला शिकवली आहेत. त्यावरून कळतं की हे ज्ञान कार्यशाळेत पाठ असायचं, प्रत्येक वस्तूचा क्रम ठरलेला असायचा.

हाच संयम व्हर्मीरच्या ‘मोत्याचं डूल घातलेल्या मुली’त (सुमारे १६६५, ४४.५ × ३९ सेंमी) अगदी जवळून पाहता येतो. मोती म्हणून आपण जे पाहतो ते खरं तर लेड व्हाइटचे दोनच मुख्य फटकारे आहेत: डावीकडे वर एक जाड चकाकी आणि खाली पांढऱ्या कॉलरचं मऊ प्रतिबिंब. कडा नाही, कानात अडकवायचा हूकही नाही. बाकीचा मोती म्हणजे गळ्याच्या सावलीचा गडद थर. नाक आणि पलीकडचा गाल यांमध्येही रेषा नाही.

ग्लेझच्या मिश्रणाला स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल) १ भाग आणि टर्पेंटाइन २ भाग पुरतं. रंग वाटाण्याएवढा, मिश्रण काही थेंब. रंग खरोखर पारदर्शक आहे का ते आधी काळ्या पट्टीवर ओढून पाहा: पट्टी स्वच्छ दिसली पाहिजे. नळीत टायटॅनियम असलेला कोणताही तयार ‘ह्यू’ (मूळ रंगाची नक्कल) ग्लेझला निरुपयोगी, तो चिखलाचं दुसरं मोठं कारण. गुळगुळीत वाळलेल्या थरावर ग्लेझ थेंबाथेंबाने आकसत असेल, तर आधी तो भाग कापडावर किंचित तेल घेऊन चोळा आणि पुन्हा कोरडा पुसा.

वाळण्याचा वेळ रंगागणिक वेगळा असतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून ते दोन-तीन दिवसांत वाळतं. पांढऱ्याला आठवडा धरा. हाडांचा काळा आणि लाल लेक (विरघळणाऱ्या रंगापासून केलेला पारदर्शक रंग) दहा-बारा दिवसही घेतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. त्यामुळे जाड काळ्यावर घाईने अंबर लावलं की वरचा थर आधी आवळतो आणि रुंद भेगा पडतात. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात थोडं जास्त, हा नियम याच कारणाने आहे. बाजारातलं खाण्याचं जवसाचं तेल वापरू नका. त्यातला चिकट भाग काढलेला नसतो, ते जास्त पिवळं पडतं आणि कधी कधी चिकटच राहतं.

पांढऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा पांढरा शिशाचा होता: मातीच्या भांड्यात शिशाच्या गुंडाळ्या, तळाशी व्हिनेगर, भोवती घोड्याची लीद, आणि काही आठवडे ते काही महिने बंद खोलीत. हा पांढरा दोरीसारखा ओढला जातो आणि किंचित पारदर्शक असतो. रेम्ब्रांटच्या ‘ज्यूइश ब्राइड’मधल्या बाहीवर तो अक्षरशः उभा आहे. त्याच्या अशा जाड रंगांत संशोधकांना २०१९ मध्ये प्लंबोनाक्राइट नावाचं शिशाचं दुर्मीळ संयुग सापडलं. तेलात शिशाचा ऑक्साइड मिसळून त्याने ते घट्ट केलं असावं. आजचा टायटॅनियम व्हाइट त्याहून कितीतरी झाकणारा आणि थंड आहे, म्हणून डच पद्धतीत तो सगळं बुजवतो. त्यात तेलात घोटलेला खडू चौथा ते तिसरा हिस्सा मिसळा. खडू तेलात जवळपास पारदर्शक होतो आणि पांढरा नरम पडतो. तेव्हाचा स्वस्त लेड व्हाइटही खडू मिसळूनच विकला जायचा. खालच्या थरात झिंक व्हाइट टाळा, तो ठिसूळ होऊन वरचे थर सोडवतो. लेड व्हाइट मिळालाच तर तो फक्त नळीतला वापरा, वाळलेला कधीही पॉलिश पेपरने घासू नका, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. हरताळ (पिवळा) आणि मनशीळ (नारिंगी) हे त्यांचे रंग म्हणजे आर्सेनिकची संयुगं आहेत. नक्कल अस्सल व्हावी म्हणून ती आणायची मुळीच गरज नाही.

आता निळी पानं. चित्रकाराने ती निळी रंगवली नव्हती. खाली निळा किंवा निळसर हिरवा थर, त्यावर वनस्पतींपासून केलेल्या पिवळ्या लेकचा ग्लेझ, किंवा दोन्ही एकत्र मिसळून हिरवा, अशी ती केलेली असत. पिवळा लेक उजेडात उडून गेला आणि खालचा निळा उरला. असंच व्हर्मीरच्या त्या डूल घातलेल्या मुलीच्या चित्राच्या पार्श्वभूमीचं झालं: आज जिथे काळोख दिसतो तिथे नीळ आणि पिवळा वनस्पतिरंग मिसळलेल्या ग्लेझचा हिरवा पडदा होता, हे मौरिट्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या तपासणीत कळलं. अब्राहम मिन्योनच्या पुष्पचित्रातला पिवळा गुलाब आज सपाट, पाकळ्याविना दिसतो, कारण पाकळ्यांचे उजेड-सावली दाखवणारा हरताळाचा थर रासायनिक बदलाने बेरंग झाला. स्माल्ट म्हणजे कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड. त्यातलं पोटॅशियम बाहेर पडलं की निळा जाऊन करडा-तपकिरी उरतो. रेम्ब्रांटच्या उत्तरकाळातल्या काही ‘तपकिरी’ जागा अशा आहेत. शिवाय जुनं व्हार्निश पिवळं पडलं की निळा हिरवट दिसतो आणि सगळ्या चित्रावर ‘सोनेरी’ झाक येते. ‘नाइट वॉच’ला ‘रात्रीचा पहारा’ अशा अर्थाचं हे नाव पडलं त्यात काळवंडलेल्या व्हार्निशचा मोठा हात आहे. रेम्ब्रांटच्याच, डॉ. तुल्प यांच्या शरीररचनेच्या धड्याच्या चित्रात (१६३२) तर पृष्ठभागावर वाळूसारखे बारीक कण आले आहेत: शिसं आणि तेलातली आम्लं मिळून झालेला साबण खालून वर फुटला.

म्हणून छापील चित्र समोर ठेवून त्याचा आजचा रंग उचलू नका. संग्रहालयातल्या चित्राची हुबेहूब अभ्यासप्रत करायची असेल, तर निळी पानं ठेवा, कारण तुम्ही आजची वस्तू नकलत आहात. स्वतःचं चित्र त्या पद्धतीने करायचं असेल, तर पान हिरवंच करा. खाली अल्ट्रामरीन, थोडा फिकट पिवळा आणि पांढरा, शिरा उजळ, सावली पातळ. वाळल्यावर उजेडाच्या भागावर टिकाऊ पारदर्शक पिवळ्याचा एक ग्लेझ. नळीवर पीवाय १५० किंवा पीवाय ११० असा रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. लालसाठी ॲलिझरिन क्रिमझन घेऊ नका, पातळ ग्लेझमध्ये तोही उडतो. क्विनाक्रिडोन (पीव्ही १९) टिकतो. ट्युलिप आणि गुलाब एकाच वेळी समोर मिळणार नाहीत, त्यांनाही मिळत नव्हते. प्रत्येक फूल त्याच्या ऋतूत वेगळं रेखाटून ठेवायचं आणि गुच्छ चित्रातच बांधायचा.

तुमचं सध्याचं मळकट चित्र वाचवता येईल. काही आठवडे पूर्ण वाळू द्या. मग फक्त उजेडाच्या जागा, आणि त्याही जिथे नजर जायला हवी तेवढ्याच, फिकट जाड रंगाने पुन्हा उभ्या करा. सावल्यांना हात लावू नका. हा थर वाळला की त्यावर एक ग्लेझ, निम्मा पुसलेला. शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने.